मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, औषधाचे डबे : रानातलं प्लास्टिक परत कामाला लावायचं कसं?

रानवाटा

मंडळी, जरा मोठं लिहितोय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी मोकळेपणाने सांगा.

परवा मिरचीचं रान मोकळं केलं. झाडं उपटली आणि मल्चिंग पेपर (माती झाकायला अंथरतो तो प्लास्टिकचा कागद) काढायला घेतला. पहिल्या बेडचा (गादीवाफ्याचा) पेपर बराचसा सलग निघाला, दुसऱ्यापासून मात्र हातात चिंध्या यायला लागल्या. पेपरची कड मातीत दाबलेली असते, नेमका तिथेच तो फाटतो आणि वीतभर पट्टी आत राहून जाते. ती उकरायला वाकावं तर बोटांत तिचेही तुकडे होतात. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली तेव्हा रानाकडे बघितलं. सगळीकडे काळे-चंदेरी कोपरे मातीतून डोकावत होते. गेल्या दोन हंगामांतलेही त्यात होते, रंग उडालेले.

आजवर मी काय करत आलो ते लपवत नाही. बांधावर ढीग लावायचा आणि पेटवून द्यायचा. तो धूर ज्या दिशेने जातो त्या दिशेला आमचंच घर आहे. यंदा मुलीने विचारलं, "बाबा, हा वास आपण आत घेतो का?" त्या दिवशी ठरवलं, आता जाळायचं नाही.

मग पेपर, ठिबकच्या फुटक्या नळ्या, फाटकं शेडनेट, खताच्या गोण्या, फवारणीच्या औषधाचे डबे, सगळं ट्रॉलीत भरून एका प्लास्टिकवर प्रक्रिया करणाऱ्याकडे नेलं. त्याने मूठभर पेपर उचलला, झटकला, खाली पडलेली माती दाखवली आणि म्हणाला, "हे परत न्या." आता ट्रॉली दारात उभी आहे. चुकलं कुठे आणि पुढे काय करू?

दाणेदार

रानवाटा, त्या माणसावर राग धरू नका. मी बरीच वर्षं अशाच युनिटमध्ये काम केलंय, म्हणून आतली बाजू सांगतो.

आधी हिशोब करू. पेपर १.२ मीटर रुंद, २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा आणि दोन बेडांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर एकरात साधारण २,७०० मीटर पेपर बसतो. त्याचं वजन ७५ किलोच्या आसपास भरतं. पण रानातून ओढून आणलेला तोच पेपर काट्यावर टाकला की १५० किलोच्या वर जातो. वरचं सगळं वजन माती, ओल आणि मुळ्यांचं. म्हणजे तुम्ही ट्रॉलीतून अर्धी माती वाहून नेलीत आणि समोरच्याला ती धुवून, गाळून, परत कुठेतरी टाकून द्यायची होती.

आता मशीनमध्ये काय होतं ते बघा. माल आधी फाडतात, मग पाण्यात घासून धुतात, मग हौदात सोडतात. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं आणि वाळू, खडे तळाला बसतात. नंतर पिळून वाळवायचं. ओल राहिली तर पुढे तिची वाफ होते आणि शेवटी तयार होणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्यात बुडबुडे धरतात. शेवटी एक्स्ट्रूडर : तापलेल्या नळकांड्यात स्क्रू फिरतो, प्लास्टिक वितळतं आणि दाबाने बारीक जाळीतून पुढे ढकललं जातं. मालात माती राहिलेली असली की ती जाळीवर साचते, दाब चढतो, मशीन थांबवून जाळी बदलावी लागते. अशी काढलेली जाळी मी कितीदा हातात घेतली आहे. गरम, काळी आणि तिच्यावर वाळूचा जाड थर, एखाद्या ओढ्यातून उचलल्यासारखा. एका पाळीत जाळ्याच बदलत बसलो की त्या दिवशी दाणे किती निघणार? शिवाय वाळूने स्क्रू घासतो तो वेगळाच.

म्हणून म्हणतो, पेपरचं पुढे काय होणार हे बहुतेक वेळा रानातच ठरून गेलेलं असतं. आम्ही फक्त वितळवतो.

दुसरी चूक मिसळण्याची. मल्चिंग पेपर एलडीपीई किंवा एलएलडीपीईचा (दोन्ही पॉलिथिनचेच प्रकार), तो ११०–१२५ अंशांच्या आसपास वितळतो. खताची विणलेली गोणी पीपीची (पॉलिप्रॉपिलीनची), ती १६० अंशांच्या पुढे. दोन्ही एकत्र घातलं की पेपरच्या तापमानाला गोणी वितळतच नाही, आणि तापमान वाढवून वितळवली तरी ती पेपरशी नीट एकजीव होत नाही. पीव्हीसी पाइपाचा तुकडा आला तर फार वाईट : जास्त तापला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, माणसाच्या श्वासाला घातक आणि मशीनच्या लोखंडालाही.

काळी_माती

दाणेदार, हिशोब पटला. पण पेपर काढायची वेळ कोणती, यावर माझं मत निराळं आहे. सगळे सांगतात कोरडं रान बघून काढा. आमची जमीन भारी काळी. ती पूर्ण वाळली की पेपरच्या कडेवर ढेकूळ धोंड्यासारखं बसतं. ओढलं की पेपर तुटतो, ढेकूळ हलत नाही. ओलं असताना काढलं तर चिखल लागतो. मी वाफशावर काढते : पायाला माती चिकटत नाही आणि ढेकूळ हाताने फुटतं, तेवढ्या दोन-तीन दिवसांत. हलकी, मुरमाड जमीन असेल त्यांनी खुशाल कोरडं काढावं.

आणि पेपर ओढण्याआधी तीन गोष्टी करते. झाडं उपटत नाही, बुडाशी कापते आणि वाळू देते, कारण ओलं झाड उपटताना मुळीबरोबर भोकाची कड फाटते आणि पुढे तिथूनच चिरत जाते. मग ठिबकची नळी आधी ओढून घेते. शेवटी बेडच्या दोन्ही कडांनी फाळ लावून दाबलेली माती सैल करते. त्यानंतर एका टोकाला दोघींनी धरायचं आणि ताण सारखा ठेवून मागे मागे यायचं. हिसका दिला की फाटलंच.

रानवाटा

झाडं कापायची हे कुणी सांगितलंच नव्हतं! मी तर ओलीच उपटली.

बांधावरून

खरं सांगू का, एवढ्या उठाठेवीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा पेपर मुळात निघण्याजोगा असतो. आपण घेतानाच पातळातला पातळ पेपर घेतो. सरीला अंथरताना तो चांगला दिसतो, पण पीक निघेपर्यंत उन्हाने त्याचा जीव गेलेला असतो.

चीनने याचा फार मोठा अनुभव घेतलाय. तिथे जगात सर्वाधिक मल्चिंग पेपर वापरतात आणि वर्षानुवर्षं ८ मायक्रॉन किंवा त्याहूनही पातळ पेपर चालत होता. शिनजियांगच्या कापसाच्या रानांत त्याचे तुकडे मातीत साचत गेले. मुळं अडतात, पाणी नीट झिरपत नाही, कापूस वेचताना त्यातही तुकडे येतात. तिथे याला 'पांढरं प्रदूषण' म्हणतात. शेवटी २०१७ मध्ये मानक बदललं आणि २०१८ पासून किमान जाडी १० मायक्रॉन केली. कारण साधं : इतका पातळ पेपर सलग गोळाच करता येत नाही, मग पुढची प्रक्रिया कुठून होणार?

माझ्या अनुभवात २५ मायक्रॉनच्या खालचा पेपर पूर्ण हंगामानंतर धड निघत नाही. १० मायक्रॉनचा पेपर एकरी ३० किलोच लागतो हे खरं, पण त्यातला निम्मा मातीत राहणार असेल तर तो वाचवला कसा म्हणायचा?

निळं_आभाळ

रोटाव्हेटर मारून तुकडे मातीत मिसळले तर कालांतराने नाहीसे होत नाहीत का? आमच्याकडे सगळे तेच करतात.

बांधावरून

नाही. तुकड्यांचे बारीक तुकडे होतात, एवढंच. पॉलिथिन जिवाणूंना सहजी खाता येत नाही आणि मातीत गाडलं की ऊनही लागत नाही, म्हणून ते तिथेच राहतं. रोटाव्हेटर मारलेल्या रानातून ते पुन्हा वेचायचं ठरवलं तरी वेचता येत नाही. पेपर असताना रोटाव्हेटर, ही एकच गोष्ट अशी आहे की ती केल्यावर मागे फिरता येत नाही. कृपा करून शेजाऱ्यांनाही सांगा.

रोपवाटिका

मातीत विरघळणारा पेपर मिळतो म्हणतात. मग काढायचाच कशाला? यावर कुणीतरी नीट लिहा, माझा फार गोंधळ आहे.

दाणेदार

ताई, यात दोन अगदी वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात, गोंधळ तिथेच होतो.

एक, खरोखर जैवविघटनशील पेपर. तो पीबीएटी, पीएलए, स्टार्च अशा द्रव्यांचा असतो. त्यासाठी युरोपात २०१८ पासून ईएन १७०३३ हे मानक आहे : प्रयोगशाळेत मातीत ठेवलेल्या पेपरचा ९० टक्के भाग दोन वर्षांच्या आत कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलला पाहिजे. हा पेपर पीक निघाल्यावर मातीत मिसळायचाच असतो. मात्र चाचणीतली माती २०–२८ अंशांवर ठेवलेली असते. थंड किंवा फार कोरड्या जमिनीत त्याला जास्त वेळ लागतो.

दुसरा ऑक्सो-डिग्रेडेबल. हा साधा पॉलिथिनच, फक्त त्यात लवकर तुटण्यासाठी क्षार घातलेले. तो विरघळत नाही, भुगा होतो. युरोपियन संघाने ऑक्सो-डिग्रेडेबल प्लास्टिकच्या वस्तू बाजारात आणण्यावर जुलै २०२१ पासून बंदी घातली. विकणारा 'आपोआप नाहीसा होतो' म्हणाला तर मानक कोणतं ते विचारा. उत्तर आलं नाही तर घेऊ नका.

आणि एक कळकळीची विनंती : खरा जैवविघटनशील पेपरसुद्धा साध्या पेपरच्या गठ्ठ्यात टाकू नका. थोडासा मिसळला तरी आमचा सगळा घाणा बिघडतो.

पाणीदार

पेपरबद्दल सगळे बोलतात, ठिबकच्या नळ्यांबद्दल कुणी बोलत नाही. १६ मिमीच्या, साधारण एक मिमी भिंतीच्या नळ्या असतील तर त्याच २,७०० मीटरांचं वजन ११५–१२० किलो होतं. पेपरपेक्षा जास्त! आणि हा माल पेपरच्या मानाने कितीतरी स्वच्छ असतो, म्हणून घेणारेही लवकर मिळतात. सुरुवात करायची असेल तर नळ्यांपासून करा, हुरूप येतो.

काम असं. नळी मोडीत काढण्याआधी शेवटच्या एंड कॅप काढून पाणी जोरात सोडायचं, आतला गाळ निघून जातो. मग रिकामी करून एक दिवस तशीच पडू द्यायची. साध्या इनलाइन नळीत आतच बसवलेला, थेंब सोडणारा ड्रिपर बहुधा पॉलिथिनचाच असतो, तो आत राहिला तरी चालतं. बाहेरून टोचलेले ऑनलाइन ड्रिपर मात्र काढायचे, काहींत रबराचा पडदा असतो. जॉइनर, टेकऑफ, ग्रोमेट हे नळ्या जोडायचे भागही वेगळे. ग्रोमेट रबराचं, एक जरी आत गेलं तरी वितळत नाही. माझ्या आईने एका दुपारी घमेलंभर ग्रोमेट काढून ठेवले, त्यातले निम्मे पुढच्या हंगामात पुन्हा लावले.

पीव्हीसी ओळखायचं असेल तर बादलीभर पाण्यात थेंबभर साबण टाका, बोटभर तुकडा बुडवून बुडबुडे झटका आणि सोडा. पॉलिथिन व पीपी वर येतात, पीव्हीसी तळाला जातं. एवढी परीक्षा रानात पुरते. जाळून वास घ्यायची पद्धत मात्र कुणी करू नये.

रोपवाटिका

पाणीदार, ही बादलीची युक्ती आजच करून बघितली. एक काळा पाइप मी इतके दिवस नळ्यांत टाकत होते, तो सरळ तळाला गेला.

आमच्याकडून एक भर. पॉलिहाऊसचा कागद काढला की त्याच दिवशी घडी करून सावलीत ठेवा. त्यात ऊन सोसण्यासाठी स्थिरक घातलेलं असतं. गंधकाची धुरी किंवा गंधकयुक्त फवारे जास्त झाले तर ते लवकर निकामी होतं, मग कागद घडीवर तडकायला लागतो. तडकलेला कागद कुणी घेत नाही. रोपांचे ट्रे आम्ही धुवून पुन्हा वापरतो. पातळ ट्रे दोन-तीनदा, जाड ट्रे कितीतरी हंगाम. मोडीत द्यायची वेळ जितकी लांबेल तितकं बरं.

काळी_माती

औषधाच्या डब्यांचं कुणीतरी लिहा. रानवाटांनी ते पेपरबरोबर एकाच ट्रॉलीत भरले, हे वाचून मला काळजी वाटली.

दाणेदार

खरंय, ते आधीच लिहायला हवं होतं. रानवाटा, डबे आज लगेच बाजूला काढा. हातमोजे घालून.

डबा धुवायची वेळ म्हणजे औषध संपल्याचा तोच क्षण. उद्यावर टाकलं की आतला थर वाळतो आणि मग निघत नाही. डबा पंपाच्या टाकीवर उलटा धरून थेंब थांबेपर्यंत, किमान ३० सेकंद निथळू द्यायचा. मग पाव भाग पाणी, झाकण घट्ट, ३० सेकंद खळखळून हलवायचं आणि ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचं. असं तीनदा. ते पाणी ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर नाही. टाकीत गेलं की औषधही वाया जात नाही. शेवटी डब्याच्या बुडाला भोक पाडायचं, म्हणजे कुणी त्यात पाणी किंवा दुसरं काही भरून ठेवणार नाही. झाकणं वेगळी ठेवा, ती बहुधा दुसऱ्या प्लास्टिकची असतात. चंदेरी अस्तराच्या पुड्यांत अनेक थर चिकटवलेले असतात, त्यांच्यावर पुनर्प्रक्रिया होत नाही. त्या डब्यांत मिसळायच्या नाहीत, आणि जाळायच्याही नाहीत.

अशा डब्यांपासून निघालेले दाणेही कुठेही वापरायचे नसतात. खेळणी, पिण्याच्या पाण्याचे पाइप, भांडी यांत ते जाताच कामा नयेत. विजेच्या तारांचे पाइप, जमिनीतला निचरा काढणारे पाइप, पुन्हा औषधाचेच डबे, अशा ठिकाणी ते जातात. म्हणून हे डबे भंगाराच्या ढिगात टाकू नका. तिथून ते कुठे पोचतात यावर कुणाचंच लक्ष नसतं.

निळं_आभाळ

सगळं पटतंय, पण मनात एक सल आहे. धुवायचं आपण, वेचायचं आपण, वाहून न्यायचं आपण. ज्यांनी हे बनवून विकलं त्यांचं काहीच नाही का? दिवसभर राबून आल्यावर हे अंगावर येतं हो.

बांधावरून

तुमचा सल रास्त आहे, आणि जिथे ही गोष्ट नीट चालली तिथे तो सल कायद्याने ऐकला.

ब्राझील घ्या. तिथे २००० साली कायदा झाला : शेतकऱ्याने डबा तीनदा धुवून खरेदीपासून एका वर्षात परत द्यायचा, विकणाऱ्याने तो कुठे द्यायचा हे पावतीवर लिहायचं आणि बनवणाऱ्यांनी पुढची सगळी वाहतूक व विल्हेवाट करायची. त्यासाठी कंपन्यांनी २००१ मध्ये इन्पेव्ह नावाची संस्था काढली. आज तिथे औषधाच्या प्लास्टिक डब्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त परत येतात. इतका मोठा देश, इतकी लांबची रानं, तरीही. आयर्लंडमध्ये १९९७ पासून चारा गुंडाळायच्या प्लास्टिकसाठी असाच नियम आहे, बाजारात माल आणणाऱ्यांच्या वर्गणीतून गोळा करायची व्यवस्था चालते. फ्रान्समध्ये आदिव्हालोर आणि ऑस्ट्रेलियात ड्रममस्टर या नावाने अशाच गोळा करायच्या व्यवस्था आहेत.

या सगळ्यांत एक धागा समान दिसतो. शेतकऱ्याचं काम ठरलेलं, छोटं आणि स्पष्ट आहे, आणि माल कुठे द्यायचा हे त्याला विकत घेतानाच माहीत असतं. आपल्याला ते माहीत नसतं, म्हणून ट्रॉली दारात उभी राहते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२१ च्या अहवालात जगभरच्या शेती-पशुपालन-मासेमारीत वर्षाला सुमारे १ कोटी २५ लाख टन प्लास्टिक लागतं असं म्हटलंय. एवढा माल एकट्या शेतकऱ्याच्या पाठीवर टाकून चालणार नाही, हे मागायलाच हवं. पण ते होईपर्यंत रान थांबत नाही, म्हणून तोवर आपलं आपण.

पाणीदार

आणि एकट्याने नेऊ नका. एकाचा माल ट्रॉलीचा अर्धा, त्यात चार प्रकार. आम्ही सात जणांनी मिळून ठरवलंय : एकाच्या गोठ्यामागे कोरडी, छपराखालची जागा, तिथे पेपर, नळ्या आणि गोण्या असे तीन कप्पे. गोणीतलं आतलं पातळ अस्तर ओढून वेगळं काढतो, ते पॉलिथिनचं असतं आणि बाहेरची गोणी पीपीची. एका प्रकाराची पूर्ण ट्रॉली भरली की आधी फोन करायचा, थोडा नमुना दाखवायचा, मगच माल हलवायचा. तेव्हापासून एकही फेरी परत आलेली नाही.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगतो.

ट्रॉली रिकामी केली. डबे मोजले, १९ निघाले. त्यातले ११ आत वाळलेले होते. ते कुलपात ठेवलेत, मुलांच्या हाती लागणार नाहीत असे, आणि ज्याच्याकडून घेतले त्याला परत घेण्याची व्यवस्था कधी करतोस हे विचारून आलोय. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणार.

पेपर दोन दिवस उन्हात पसरला, मग आम्ही चौघांनी दोरीवर टाकून काठीने झोडपला. खाली मातीचा एवढा ढीग झाला की मुलीने घमेल्याने परत बेडवर नेऊन टाकला. झोडपण्याआधी वजन केलं होतं १४० किलो, नंतर भरलं ८२. नळ्यांचे ग्रोमेट काढून वेटोळी बांधली. पाणीदार, तुम्ही म्हणता तसा फोन करून आधी पोतंभर नमुना नेला. त्याच माणसाने पुन्हा मूठभर पेपर उचलून झटकला. या वेळी काही पडलं नाही. गुरुवारी आण म्हणालाय.

मातीतल्या पट्ट्या अजून आहेत. काळी_माती ताई, रान सध्या वाफशावर आहे. उद्या सकाळी फाळ लावून एक एक बेड उकरायला घेतोय. जुने रंग उडालेले तुकडे हातात आले की चुरा होतात, ते कसे वेचायचे हे कुणाला माहीत असेल तर सांगा.

काळी_माती

बारीक दातांचं दाताळं ओढा, खोल नाही, चार बोटांवर. पाऊस पडून गेल्यावर वरची माती धुपते तेव्हा पुन्हा एकदा फिरा, बरेच तुकडे वर आलेले दिसतात. एका वर्षात सगळे निघणार नाहीत. मी चौथ्या वर्षीही वेचते आहे, पण यंदा संपूर्ण रानात एक बादली भरली नाही.